विमान ‘हद्दीत घुसलं’ म्हणजे नेमकं काय? मुंबईत उतरवलेल्या दोन विमानांपासून समजून घेऊ

मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला होता, तेव्हा आमच्या कोडोलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही रात्री-अपरात्री व्हिडिओ पडत होते. अंधारात एक दिवा हलतोय आणि खाली लिहिलंय, ‘दुश्मनाचं विमान हद्दीत घुसलं, फॉरवर्ड करा’. पन्हाळा तालुक्यात बसून सीमेवरचं विमान कसं दिसणार, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. पण मुळात ही हद्द असते कुठे, आणि ती ओलांडली तर काय होतं?

जमिनीवर जिथे देशाची सीमा, तिथूनच सरळ वर एक अदृश्य भिंत उभी आहे असं समजा. समुद्राच्या बाजूला ही भिंत किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरवर असते. रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून त्याच्या पलीकडे गेलं की खुलं आकाश. 1944 च्या शिकागो कराराने आपल्या आकाशावर त्या-त्या देशाची पूर्ण सत्ता मान्य केली. दुसऱ्या देशाच्या लष्करी विमानाला परवानगीशिवाय आत यायची मुभाच नाही.

बातम्यांत आणखी एक शब्द येतो, ‘एडीझ’. हा हवाई संरक्षणासाठी आखलेला ओळख-पट्टा. देश तो स्वतःच जाहीर करतो आणि त्यात येणाऱ्या विमानाने आपली ओळख सांगावी अशी अपेक्षा ठेवतो. तो हद्दीच्या बाहेरही पसरलेला असू शकतो. तैवानच्या एडीझमध्ये चिनी विमानं आली की आपल्याकडे ‘तैवानमध्ये घुसली’ अशी हेडलाईन होते. बहुतेक वेळा ती हद्दीबाहेरच असतात.

आता मुंबईकडे येऊ.

17 डिसेंबर 1995 च्या रात्री पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात एका विमानातून एके-47 रायफली आणि दारूगोळा पॅराशूटने खाली टाकला गेला. विमान होतं अँटोनोव्ह-26. ते कराचीहून निघालं, वाराणसीत इंधन भरलं, शस्त्रं टाकली, कोलकात्यात पुन्हा इंधन घेतलं आणि थायलंडमधल्या फुकेतला गेलं. म्हणजे चोरून घुसलं नव्हतंच, रीतसर नागरी विमान म्हणून आलं होतं! 21 डिसेंबरला तेच विमान चेन्नईमार्गे कराचीकडे परत निघालं. या वेळी मात्र हवाई दलाने त्याला मुंबईत उतरायला लावलं. ब्रिटिश शस्त्रविक्रेता पीटर ब्लीच आणि पाच जणांचा लॅटव्हियन क्रू पकडला गेला. मुख्य सूत्रधार किम डेव्ही मात्र मुंबई विमानतळावरूनच निसटला, आणि 2011 मध्ये डेन्मार्कच्या न्यायालयाने त्याला भारताच्या ताब्यात द्यायला नकार दिला.

दुसरी घटना जून 2009 ची. अमेरिकी लष्कराने भाड्याने घेतलेलं अजस्र अँटोनोव्ह-124 दिएगो गार्सियाहून अफगाणिस्तानातल्या कंदाहारकडे चाललं होतं. परवानगी नागरी विमानाची, पोटात लष्करी सामान. भारतावरून लष्करी सामान न्यायला वेगळी मंजुरी लागते, ती नव्हती. विमान मुंबईत उतरवलं, चौकशी झाली, कागदपत्रं पूर्ण झाल्यावर सोडलं. विमान मित्रदेशाचं काम करत होतं, तरी नियम चुकला नाही.

‘उतरवतात’ म्हणजे कसं? लढाऊ विमान समोर डावीकडे, थोडं वर येतं आणि पंख हलवतं. अर्थ : माझ्या मागे ये. समोरच्याने पंख हलवले की ‘समजलं’. सोबत 121.5 मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या रेडिओ वाहिनीवर हाका मारतात. नागरी विमानावर शस्त्र चालवायचं नाही, हे कलम 1984 मध्ये शिकागो करारात आलं. त्याच्या आदल्या वर्षी सोव्हिएत संघाने कोरियन प्रवासी विमान पाडलं होतं, 269 माणसं गेली.

लष्करी विमानांचं गणित वेगळं. भारत आणि पाकिस्तानने 6 एप्रिल 1991 रोजी करार केला की लढाऊ विमानं एकमेकांच्या हद्दीपासून 10 किलोमीटरच्या आत उडवायची नाहीत. ऐकायला हे अंतर मोठं वाटतं. ताशी 900 किलोमीटर वेगाने ते 40 सेकंदांत संपतं.

10 ऑगस्ट 1999 ला, कारगिल युद्ध नुकतंच संपलेलं असताना, कच्छजवळ पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान भारतीय मिग-21 ने पाडलं. 16 जण ठार झाले. भारत म्हणाला, आमच्या हद्दीत होतं. पाकिस्तान म्हणाला, आमच्याच हद्दीत, प्रशिक्षणाचं उड्डाण होतं. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि जून 2000 मध्ये ‘हा खटला आमच्या अधिकारात बसत नाही’ असं 14 विरुद्ध 2 मतांनी ठरलं. विमान नेमकं कुठे होतं, यावर निकाल आलाच नाही. 2015 मध्ये तुर्कस्तानने रशियाचं सुखोई पाडलं, तेव्हाही असाच वाद झाला. तुर्कस्तानच्याच म्हणण्यानुसार ते त्यांच्या हद्दीत होतं फक्त 17 सेकंद.

इतक्या कमी वेळात निर्णय घेताना आपलंच माणूसही जातं. 27 फेब्रुवारी 2019 ला, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, पाकिस्तानी विमानं आली असताना श्रीनगरजवळ बडगाममध्ये आपलं एमआय-17 हेलिकॉप्टर कोसळलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मरण पावला. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, ही ‘मोठी चूक’ होती, असं हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मान्य केलं. मधल्या सात-आठ महिन्यांत सोशल मीडियावर याचे किती ‘खरे किस्से’ फिरले असतील, विचार करा.

मार्च 2022 मध्ये भारताचं ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडलं. भारताने चूक कबूल केली आणि हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. त्यात स्फोटक नव्हतं म्हणून निभावलं. आणि मे 2025 मध्ये तर दोन्ही बाजूंनी ड्रोनच ड्रोन होते. 1991 च्या करारात लढाऊ विमानं आहेत, बॉम्बफेकी आहेत, सशस्त्र हेलिकॉप्टरही आहेत. ड्रोनचं नाव त्यात कुठेच नाही.