मैदान आणि श्रमदान : भीमथडीच्या शाळांचा विसरलेला वारसा

शाळेच्या प्रगतिपुस्तकात खेळ आणि समाजसेवा यांचे रकाने वेगवेगळे असतात आणि दोन्ही गणित-विज्ञानाच्या खाली येतात. ही मांडणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधी आणि का झाली, हे कोणी विचारत नाही. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर मात्र ही विभागणी फार जुनी नाही, असे दिसते. माझे म्हणणे असे की या मुलखात विद्यार्थ्याच्या शरीराला शिक्षणात जागा मिळाली ती दुष्काळाने उभ्या केलेल्या गरजेतून. तेव्हा हाताचे काम, खेळ आणि दुसऱ्याची काळजी या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. पुढे शासनाने त्यांना दोन वेगळ्या दारांनी शाळेत घेतले, तास आणि गुण यांच्या मापाने मोजले आणि त्यांच्यातला संबंध तुटला. तो पुन्हा जोडता येईल, पण त्यासाठी मोजमाप वाढवून भागणार नाही. विद्यार्थ्याच्या हाती खरी जबाबदारी द्यावी लागेल.

आधी भूमी पाहू. आजचा दौंड तालुका जुन्या भीमथडीचा भाग. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस इथे पोहोचेपर्यंत जवळजवळ संपलेला असतो. भीमा आणि मुळा-मुठा वाहत असल्या तरी कालवे येण्यापूर्वी इथला शेतकरी आभाळावरच अवलंबून होता. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि त्याचे लोण केडगाव, शिरूरपर्यंत पोहोचले. त्यामागे कर्जाइतकाच कोरडवाहू शेतीचा बेभरवसाही होता. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. १८७८ साली सुरू झालेल्या दौंड–मनमाड लोहमार्गाच्या मातीकामावर दुष्काळग्रस्त मजूर राबले आणि तालुक्यातला माटोबा तलावही त्याच काळातल्या दुष्काळी कामांचा. दौंडला जंक्शनचे महत्त्व देणारा लोहमार्ग अशा भुकेल्या हातांनी बांधला आहे. इथे श्रम म्हणजे जगण्याची अट होती, आणि शाळा जेव्हा आली तेव्हा तिला या अटीपासून दूर राहणे शक्य नव्हते.

याचा सर्वांत ठळक पुरावा दौंड तालुक्यातल्या केडगावात आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणले. अमेरिकेतल्या वास्तव्यात त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला होता. मुलाने खेळातून आणि हाताच्या कामातून शिकावे, हाच त्या पद्धतीचा गाभा. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ पसरली आणि केडगावच्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजाराच्या पुढे गेली. एवढ्या मुलींना जेवू घालायचे, शिकवायचे, आजारपणात सांभाळायचे, आणि त्यासाठी पगारी माणसे पुरेशी नव्हती. म्हणून आधी आलेल्या मुली नंतर आलेल्यांच्या शिक्षिका आणि परिचारिका झाल्या. शेती, गोठा, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना ही सगळी कामे त्यांनी शिकून चालवली. गुजरातच्या दुष्काळात मुलींना वाचवायला गेलेल्या पथकांत अशाच दुष्काळातून वाचलेल्या स्त्रिया होत्या. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपी शिकून घेऊन अंध मुलींच्या शिक्षणाची सोय केली. इथे ‘सेवेचा तास’ असा काही नव्हताच. शिकलेले दुसऱ्याच्या उपयोगी पडले की शिक्षण पुरे झाले, एवढा साधा हिशेब होता.

यावर आक्षेप येणारच आणि तो ऐकून घेतला पाहिजे. मुक्तीतल्या मुली निराधार होत्या, त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. शिवाय ती ख्रिस्ती मिशनची संस्था, आणि तिथल्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात कडाक्याचा वाद झाला. मग तिचा दाखला आजच्या शाळेला कसा लागू पडेल? धर्मांतराचा प्रश्न गंभीर आहे आणि त्यावर आजही मतभेद असू शकतात. पण इथला मुद्दा शिक्षणपद्धतीचा आहे. त्याच पद्धतीची दुसरी शाखा पूर्णपणे वेगळ्या विचारातून महाराष्ट्रात वाढली. सत्यशोधक परंपरेत घडलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले आणि ‘कमवा आणि शिका’ हा त्या शिक्षणाचा कणा ठरवला. मुलांनी शेतात राबायचे, एका पंगतीत जेवायचे आणि शिकायचे. एका बाजूला ख्रिस्ती विदुषी, दुसऱ्या बाजूला जैन कुळात जन्मलेला सत्यशोधक. दोघांचा धर्मविचार जुळत नाही, पण कोरड्या मुलखातल्या गरिबाला शिकवायचे तर शिक्षणात हात आणि पाय घ्यावे लागतात, या निष्कर्षावर दोघेही आले. विचार वेगळे आणि उत्तर एकच, तेव्हा त्या उत्तराचे मूळ परिस्थितीतच शोधले पाहिजे.

खेळाची वाट या मुलखात तीन दिशांनी आली. पहिली तालमीची. गावोगावच्या मारुतीच्या देवळाशेजारची तालीम आणि जत्रेतला कुस्तीचा आखाडा हे गावाच्या वर्गणीवर आणि गावाच्या अभिमानावर चालत. पैलवानाला दूध-तूप गाव पुरवत असे आणि आखाड्यात तो गावाचे नाव घेऊन उतरत असे. दुसरी दिशा छावणीची आणि रेल्वेची. शिरूरला, म्हणजे घोडनदीला, इंग्रजांच्या घोडदळाची छावणी होती. दौंडला रेल्वेची वसाहत वाढली, आणि अशा जंक्शनच्या गावांत हॉकी, फुटबॉल, क्रिकेट हे खेळ कामगारांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मैदानांवरून गावातल्या पोरांपर्यंत पोहोचले. तिसरी दिशा पुण्याची. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले, पुढे बडोद्यात हुतूतूच्या नियमांना आकार आला आणि अंगणातले खेळ सामन्याच्या मैदानात उतरले. खो-खोला आणि हुतूतूला साहित्य लागत नाही, इस्तरीचे कपडे लागत नाहीत, आखलेली जमीन पुरते. म्हणून जिल्हा परिषदेच्या एका खोलीच्या शाळेतही ते टिकले. त्या खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाली आणि भारताच्या दोन्ही संघांनी ती जिंकली. गरिबाच्या अंगणातला खेळ कुठवर पोहोचू शकतो, याचे याहून वेगळे प्रमाण नको.

आता विभागणीकडे येऊ. १९३७ हे वर्ष इथे निर्णायक आहे. मुंबई प्रांतात पहिले काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि बाळासाहेब खेर त्याचे प्रमुख झाले. त्या वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झाली. उत्पादक हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी असावा, असे तिचे सांगणे होते. त्याच सुमारास मुंबई सरकारने लोणावळ्याच्या कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाचा विचार करणारी समिती नेमली आणि १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. दोन्ही पावले थोर होती. शरीर म्हणजे अभ्यासातला अडथळा, ही पांढरपेशी समजूत दोघांनीही मोडली. पण एकाने हाताचे काम शाळेत आणले आणि दुसऱ्याने व्यायाम, आणि दोघांना जोडणारा विचार कुणी केला नाही. कवायतीचा शिक्षक वेगळा, कार्यानुभवाचा वेगळा, तास वेगळे, वही वेगळी. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य सुचवले, तेही आणखी एक वेगळा विषय म्हणूनच वेळापत्रकात आले. मुक्तीत किंवा रयतेच्या वसतिगृहात जे एकाच दिवसाचे जगणे होते, ते आता आठवड्याच्या तासिकांत वाटले गेले.

याचे सर्वांत बोलके उदाहरण राष्ट्रीय सेवा योजनेचे आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांनिशी ती सुरू झाली. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला आणि १९७३ साली योजनेने ‘दुष्काळाविरुद्ध तरुणाई’ हा विषय घेतला. त्या वर्षी शिबिरातला विद्यार्थी आणि दुष्काळी कामावरचा मजूर यांच्यापुढे पाण्याचा एकच प्रश्न होता आणि कामाचा उपयोग डोळ्यांसमोर दिसत होता. परिस्थिती निवळली तसा विषय बदलत गेला. आज स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास भरायचे असतात आणि सात दिवसांचे विशेष शिबिर करायचे असते. दत्तक गावात वनराई बंधारा होतो, शोषखड्डे खणले जातात, प्रभातफेरी निघते. त्यातले अनेक प्राध्यापक आणि विद्यार्थी जीव ओतून काम करतात, हे मान्यच केले पाहिजे. पण बंधाऱ्याच्या पोत्यांचे पुढच्या पावसाळ्यात काय झाले, हे पाहण्याची जबाबदारी त्या तुकडीवर राहत नाही. तास पूर्ण होतात, काम मात्र पूर्ण झाले की नाही, हे कुणी विचारत नाही.

इथे दुसरा आणि अधिक टोकदार आक्षेप आहे: गुण आणि प्रमाणपत्रे यांनाच नावे ठेवणे हे सुखवस्तू माणसाचे बोलणे आहे. दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत, नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. ५ किलोमीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांच्या गुणांवर इथल्या शेतकऱ्याच्या मुलाची भरती ठरते. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे. ज्या घरात पहिला पगार या मार्गाने येतो, त्या घराला खेळाच्या निखळ आनंदाच्या गोष्टी सांगू नयेत. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि ही शिडी काढून घेण्याची भाषा कुणीही करू नये. पण शिडीवर चढणारे थोडेच असतात. क्रीडागुण स्पर्धांत पुढे जाणाऱ्यांनाच मिळतात. वर्गातल्या उरलेल्या मुलामुलींना, विशेषतः आठवीनंतर मैदान सोडणाऱ्या मुलींना, शाळेच्या खेळातून काय मिळते? शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली शाळेला मैदान असणे आवश्यक ठरवले. मैदानावर प्रत्येकाला खेळायला मिळावे, ही जबाबदारी मात्र शाळेनेच घ्यायची आहे. नोकरीचा मार्ग आणि सर्वांचे मैदान यांत विरोध नाही. विरोध आहे तो पहिल्यालाच संपूर्ण क्रीडाशिक्षण समजण्यात.

तिसरा आक्षेप असा की खेळाला सेवेशी बांधले तर खेळातला मोकळेपणा जाईल आणि सेवेच्या नावाखाली मुलांकडून फुकट मजुरी करून घेतली जाईल. ही भीती खरी आहे. शाळेचे आवार झाडायला, संडास धुवायला कुणाला लावले जाते, यामागे जातीचा इतिहास आहे, आणि तो विसरून श्रमप्रतिष्ठेची भाषणे करणे अन्यायाचे ठरेल. म्हणून दोन कसोट्या ठेवायला हव्यात. काम वर्गातल्या सर्वांना सारखे वाटले गेले पाहिजे, आणि त्याचा लाभ संस्थेला किंवा शिक्षकांना नव्हे, तर त्याची गरज असणाऱ्या माणसाला झाला पाहिजे. रयतेच्या वसतिगृहाचे नैतिक बळ यातच होते. तिथे कुणाचा मुलगा आहे हे पाहून काम वाटले जात नसे.

मग आजच्या दौंड-शिरूरमध्ये अशी गरज कुठे आहे? कालव्यांनी आणि उसाने या भूमीचा चेहरा बदलला. पाटसचा भीमा कारखाना आणि त्यानंतरचे खासगी कारखाने, केडगाव परिसरातली गुऱ्हाळे यांनी एकेकाळच्या दुष्काळी गावांत पैसा आणला. पण दुष्काळ या गावांतून हलला, तरी तो माणसांच्या रूपाने दरवर्षी परत येतो. बीड, अहिल्यानगरच्या कोरड्या गावांतून ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास येतात, उसाच्या फडाशेजारी त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत त्यांची मुले कोणत्याच शाळेची नसतात. तालुक्यातल्या माध्यमिक शाळेने आणि महाविद्यालयाने या मुलांची चार-पाच महिन्यांची जबाबदारी घेतली तर तिथे खेळ आणि सेवा आपोआप एकत्र येतील. परक्या मुलाला लगेच वहीकडे आणता येत नाही, पण खो-खोच्या पाटीवर बसवता येते. खेळ शिकवणारा विद्यार्थी स्वतः तो खेळ नव्याने शिकतो, संध्याकाळी त्याच मुलांना वाचायला शिकवतो, आणि कोणते मूल आज का आले नाही हे त्याला माहीत असते. या कामाला साहित्य जवळजवळ लागत नाही, फळ हंगामाच्या अखेरीस तपासता येते आणि पुढच्या तुकडीकडे ते सोपवता येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समाजाशी जोडलेल्या कामाला आणि खेळातून शिकण्याला मान्यता दिली आहे, त्यामुळे नियमांची अडचणही सांगता येणार नाही.

दुष्काळातून वाचलेल्या मुलींनी दुसऱ्या प्रांतातल्या दुष्काळग्रस्त मुलींना सांभाळल्याची घटना याच तालुक्यात, सव्वाशे वर्षांपूर्वी घडली. तेव्हा त्यांच्याकडे ना अनुदान होते, ना गुणांची सवलत. आज पाणी आले, पैसा आला, मैदाने आली, योजना आल्या. इतके असूनही फडावरचे मूल शाळेबाहेर राहत असेल, तर दोष विद्यार्थ्यांच्या उदासीनतेचा नाही. त्यांच्याकडून आपण फक्त तास मागितले आणि पदके मागितली, माणसाची जबाबदारी कधी मागितलीच नाही. ती मागण्याचे धैर्य शाळांनी, पालकांनी आणि विद्यापीठाने दाखवले, तर खेळ आणि सेवा यांचे रकाने प्रगतिपुस्तकात कुठेही असले तरी बिघडणार नाही.