चार बोटं बर्फ

बाबराचं नाव आपल्याकडे आता शिवी म्हणून वापरलं जातं. निवडणूक जवळ आली की कोकणातल्या मच्छीमार मुसलमानालाही त्याचा वंशज ठरवलं जातं आणि मराठवाड्यातल्या विणकरालाही. बाबराची वकिली करण्याची मला गरज वाटत नाही; तो राजा होता आणि त्या काळचे राजे जे करत ते त्यानेही केलं. मात्र नाव घेणाऱ्यांनी आणि ऐकून घेणाऱ्यांनी, दोघांनीही, त्याचं पुस्तक वाचलेलं नसतं याचं वाईट वाटतं. ‘बाबरनामा’ तुर्कीच्या चगताई बोलीत लिहिलेला आहे. अकबराच्या सांगण्यावरून अब्दुल रहीम खानखानानने 1589 साली तो फारसीत आणला. पुढे याच रहीमचं अर्धं आयुष्य दख्खनच्या उन्हात, अहमदनगरच्या निजामशाहीशी लढण्यात गेलं. ज्या पानांवर बर्फाशिवाय काहीच नाही, त्यांचं भाषांतर करणाऱ्या माणसाच्या वाट्याला ते ऊन यावं, ही गंमतच.

या लेखात मी त्याच पानांविषयी लिहिणार आहे.

डिसेंबर 1506. बाबर तेव्हा 23 वर्षांचा होता आणि काबूलचा राजा होता. शैबानी खानाच्या उझबेकांविरुद्ध सगळ्या तैमूरी शहजाद्यांनी एकत्र यावं म्हणून तो हेरातला गेला होता. बोलावणारा सुलतान हुसेन बायकरा वाटेतच वारला. त्याच्या मुलांना मेजवान्यांची हौस लढाईहून जास्त होती. शिवाय काबूल फार दिवस मोकळं सोडणं धोक्याचं होतं. तेव्हा बाबर परत निघाला. परतीचे मार्ग दोन होते. एक कंदहारवरून जाणारा, लांबचा, पण हिवाळ्यातही चालू असणारा. दुसरा घोरच्या डोंगरांतून थेट पूर्वेला बामियानकडे जाणारा, जवळचा आणि उंचावरचा. कासिम बेग या जुन्या सरदाराने डोंगरवाटेचा हट्ट धरला आणि तीच वाट ठरली.

रमजानचा चंद्र याच प्रवासात दिसला. चघचरान ओलांडल्यावर बर्फ वाढत गेला. घोड्याचे पाय जमिनीला टेकेनात. वाट दाखवायला पीर सुलतान नावाचा एक पशाई माणूस होता. तो रस्ता चुकला आणि त्याला तो पुन्हा सापडला नाही. बाबर त्याच्यावर आगपाखड करत नाही. म्हातारपण असेल, मन खचलं असेल किंवा बर्फच तितका असेल, अशी तीन कारणं तो स्वतःच पुढे करतो. वाटाड्याला फासावर चढवणारे राजे इतिहासात कमी नाहीत, म्हणून हे नोंदवलं.

पुढचा आठवडा त्यांनी बर्फ तुडवत काढला. तुडवायचं कसं, हे बाबर एखाद्या कारागिराला समजावून सांगावं तसं लिहितो. दहा-पंधरा माणसं पुढे असत. पहिला माणूस कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत बुडत पाय रोवायचा. सात-आठ, फार तर दहा पावलं गेली की त्याचा दम संपे. तो तिथेच उभा राही आणि मागचा पुढे येई. इतकं तुडवल्यावर त्या खाचेतून एक रिकामा घोडा ओढून नेत. तोही रिकिबीपर्यंत बुडायचा, दहा-पंधरा पावलांत थकायचा, मग त्याला बाजूला घेऊन दुसरा आणायचा. दिवसाकाठी कोस-दीड कोसाहून जास्त वाट होत नसे. भातलावणीच्या चिखलात दिवसभर पाय ओढलेल्या माणसाला याची थोडी कल्पना येईल. फरक इतकाच, की तो चिखल गुडघ्याखाली थांबतो.

हे काम कोण करत होतं? कासिम बेग स्वतः, त्याची मुलं आणि त्याचे थोडे नोकर. आणि त्यांच्याबरोबर खुद्द बाबर. वाटेचा हट्ट कासिम बेगचा होता आणि त्याची किंमत तो स्वतःच्या पायांनी फेडत होता. बाकीचे नावाजलेले बहाद्दर घोड्यावरून उतरलेसुद्धा नाहीत. तयार झालेल्या वाटेवरून मान खाली घालून मागून येत राहिले. बाबराने त्यांना हुकूम दिला नाही. ही वेळ हुकूम सोडण्याची नव्हती. ज्याच्यात धमक असते तो न सांगता पुढे होतो, अशा अर्थाचं तो लिहितो आणि विषय संपवतो.

मग तो दिवस आला. जिर्रीन खिंडीच्या पायथ्याशी एक गुहा होती. तिथे पोहोचता पोहोचता असं हिमवादळ सुटलं, की सगळ्यांना मरण समोर दिसू लागलं. बर्फ खोल, वाट एका माणसापुरती, आणि हिवाळ्याचे दिवस आखूड. पुढची माणसं उजेडात पोहोचली. मागची रात्र पडल्यावरही येतच होती. कित्येकांनी जिथे होते तिथेच, घोड्याच्या पाठीवर बसून रात्र काढली. गुहा लहान दिसत होती. लोकांनी बाबराला आत यायला सांगितलं. तो गेला नाही. आपली माणसं बाहेर बर्फात असताना आपण आत ऊब घ्यायची, हे त्याला माणुसकीला धरून वाटलं नाही. त्याने फावडं घेऊन जानमाजएवढा खड्डा खणला. छातीइतकं खणूनही जमीन लागली नाही. वाऱ्यापासून थोडा आडोसा मात्र झाला. त्यात तो इशाच्या नमाजच्या वेळेपर्यंत बसून राहिला. उठला तेव्हा त्याच्या पाठीवर, डोक्यावर, कानांवर चार बोटं बर्फ साचला होता. त्या रात्री कानाला थंडी लागली, हेही तो सांगायला विसरत नाही.

तेवढ्यात कुणीतरी आत नीट पाहून ओरडलं, की गुहा खोल आहे, सगळे मावतील. तेव्हा तो बर्फ झटकून आत गेला आणि बाहेरच्यांनाही बोलावलं. ज्याच्याकडे जे होतं ते बाहेर निघालं. सगळ्यांनी मिळून खाल्लं.

सकाळी वादळ थांबलं होतं. उंच डोंगरातली हवा अशीच असते. रात्री जीव घेणारी, सकाळी जणू काही झालंच नाही. त्या दिवशी खिंड चढली, पण उतरण्याआधी दिवस मावळला आणि रात्र उघड्या दरीत काढावी लागली. थंडीने किपिकचे पाय गेले, सियुंदुक तुर्कमानचे हात गेले, अखीचे पाय गेले. बाबर ही नावं लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी ते वाट नसलेल्या दरीतून घसरत, पडत खाली उतरले. ज्या बर्फाला इतके दिवस शिव्या घातल्या, त्यानेच तिथे वाचवलं; बर्फ इतका खोल नसता तर पहिल्याच कड्यावरून घोडी दरीत गेली असती. संध्याकाळच्या नमाजच्या सुमारास ते यकावलंगला पोहोचले. गावकऱ्यांनी त्यांना उबदार घरं, चरबीदार मेंढ्या, घोड्यांना चारा आणि शेकोटीला हवं तेवढं जळण दिलं.

मला यात एक गोष्ट राहून राहून खटकते. बर्फ तुडवावा लागतो, कारण माणसाचं सगळं वजन दोन तळव्यांवर येतं. तेच वजन लांब फळीवर पसरलं, तर माणूस बर्फावर तरंगतो. हे ज्ञान तेव्हा होतं, आणि मुस्लिम ग्रंथकारांच्या पुस्तकांत होतं. ग्रॅनडाचा अबू हामिद बाराव्या शतकात व्होल्गाकाठच्या बुल्गारांकडे गेला होता. पायाला बांधायच्या, टोकं वर वळलेल्या फळ्या आणि हातातली काठी यांचं वर्णन त्याने केलं आहे. त्याहून मोलाची नोंद रशीदुद्दीन हमदानीची. हा मूळचा यहुदी हकीम, पुढे मुसलमान झाला, इलखानी दरबारात वजीर झाला आणि 1318 मध्ये मारला गेला. ‘जामिउत्तवारीख’मध्ये तो मंगोल मुलखातल्या जंगलात राहणाऱ्या उरियांखाई लोकांबद्दल लिहितो. ते ‘चना’ नावाच्या फळ्यांवर उभे राहतात, नावाडी वल्ह्याने पाणी ढकलतो तशी काठीने बर्फ ढकलतात, रानबैलाला गाठतात आणि शिकार दुसऱ्या फळीवर लादून ओढत आणतात. नवख्याचे पाय मात्र उतारावर फाकतात, असा इशाराही तो देतो. ऐकणाऱ्याला पटत नसे, म्हणून गाझान खानाने तिकडची माणसं बोलावून ते करून दाखवायला लावलं.

पंधराव्या शतकात शाहरुखच्या दरबारात, म्हणजे हेरातमध्येच, हाफिज-ए-अब्रूने रशीदुद्दीनचा हा ग्रंथ हाताळला आणि पुढे नेला. म्हणजे बाबर ज्या शहरातून निघाला, तिथे या फळ्यांची माहिती कागदावर होती आणि शहराबाहेर माणसं छातीइतक्या बर्फात पावलं मोजत होती. माहिती कुतुबखान्यात असणं आणि पायाखाली असणं यांत किती अंतर असतं! आपल्या समाजात आजही इब्न सीना, अल-बिरुनीची नावं जलशांत घेतली जातात, तेव्हा मला हे अंतर आठवतं.

आज डोंगरात लिफ्टशिवाय स्की करणारे फळीखाली एक पट्टी चिकटवतात. तिची लव मागच्या बाजूला असते, त्यामुळे फळी पुढे सरकते पण मागे घसरत नाही. अल्ताईचे शिकारी यासाठी घोड्याचं कातडं लावत. चढताना टाच मोकळी ठेवायची, माथ्यावर पट्टी काढायची, टाच अडकवायची आणि उतरायचं. तासन्‌तास चढून उतरणं काही मिनिटांचं. सगळं कौशल्य मात्र हवा ओळखण्यात आहे. हिंदुकुश आणि काश्मीर, दोन्हीकडे हिवाळी बर्फ आणतात ते पश्चिमेकडून येणारे झंझावात. वारा एका उतारावरचा बर्फ उचलून दुसऱ्यावर दाबून बसवतो. वरून पक्का वाटणारा तो थर एका माणसाच्या वजनानेही सुटतो. काश्मिरी लोक कडाक्याच्या चाळीस दिवसांना चिल्ला-ए-कलां म्हणतात, 21 डिसेंबरपासून. चिल्ला हा शब्द आपल्याला दर्ग्यांवरून माहीत आहे; मूळ फारसी अर्थ तोच, चाळीस. गुलमर्गजवळ फेब्रुवारी 2010 मध्ये अशाच हिमस्खलनात 17 जवान गेले, आणि ते बर्फाचं प्रशिक्षण घेणारे लोक होते.

यकावलंग आज अफगाणिस्तानच्या बामियान प्रांतात आहे. बामियानमध्ये 2011 पासून कोह-ए-बाबाच्या उतारांवर स्कीच्या शर्यती सुरू झाल्या. लिफ्ट नाही, आधी डोंगर चढायचा, मग उतरायचं. गावच्या पोरांनी परदेशी पाहुण्यांच्या फळ्या पाहिल्या आणि लाकूड घासून, पत्रा आणि पट्टे लावून स्वतःच्या बनवल्या. मुलीही उतरू लागल्या. ऑगस्ट 2021 नंतर मुलींचं खेळणं बंद झालं.

ही मुलं बहुतेक हजारा समाजाची. बाबराच्या पुस्तकात त्यांचे पूर्वजही आहेत, यकावलंगच्या पाहुणचारानंतर थोड्याच पानांनी. काबूलकडे जाताना वाटेत तुर्कमान हजारांची हिवाळी वस्ती लागली. जे लोक थंडीपासून आडोसा घेऊन बसले होते, त्यांच्यावर बाबराने छापा घातला आणि त्यांच्या मेंढ्या व घोडी हाकून नेली. हेही तो तितक्याच सरळपणे, काही न लपवता लिहितो.