पृच्छाभाषा : एसक्यूएल

तक्त्यांच्या रूपाने संगणकात साठविलेल्या माहितीतून हवी ती नोंद मागविण्याची, तीत भर घालण्याची, दुरुस्ती करण्याची आणि नको ती नोंद काढून टाकण्याची भाषा. आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील संशोधनशाळेत काम करणारे इंग्रज गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधिष्ठित माहितीचे प्रतिमान मांडले. दफ्तर कोणत्या कपाटात व कोणत्या क्रमाने रचले आहे याची उठाठेव माहिती मागणाऱ्याने करू नये, हे त्याचे मर्म होय. त्याच कंपनीतील डोनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या प्रतिमानावर ‘सीक्वेल’ ही भाषा रचली. ते नाव एका दुसऱ्या कंपनीच्या व्यापारचिन्हात अगोदरच गुंतलेले असल्यामुळे पुढे त्याचा ‘एसक्यूएल’ असा संक्षेप करावा लागला, तरी जुना उच्चार पुष्कळांच्या तोंडी अद्याप टिकून आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर या भाषेचे प्रमाणीकरण झाले.

नवशिक्यांसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकांत हा विषय बहुधा उत्तरार्धात येतो. मिशिगन विद्यापीठातील चार्ल्स सेव्हरन्स यांच्या ‘पायथन फॉर एव्हरीबडी’ या पुस्तकात तो एसक्यूलाइट या माहिती साठविणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने शिकविला असून, गाण्याचे नाव आणि ते किती वेळा वाजविले तो आकडा, अशा दोनच रकान्यांच्या तक्त्यापासून आरंभ केला आहे. हा क्रम सोयीचा खरा, परंतु त्यातच विद्यार्थ्याची अडचणही दडलेली आहे. कारण तोपर्यंतच्या प्रकरणांनी त्याला एकेक ओळ उचल, ताडून पाहा, पुढे जा, असे पायरीपायरीने हुकूम सोडण्याची सवय लावलेली असते, आणि येथे मात्र काय हवे तेवढेच सांगून ते कसे शोधावे हे यंत्रावर सोपवायचे असते. मुरलेल्या कारकुनाकडे कागद मागताना साहेब त्याला फडताळ दाखवीत बसत नाही, तसेच हे आहे. वाक्याच्या आरंभी येणारा, काय हवे ते सांगणारा ‘सिलेक्ट’ तार्किक क्रमात तक्ता सांगणारा ‘फ्रॉम’ व अट सांगणारा ‘व्हेअर’ यांच्या मागून येतो, हेही पुस्तकाने लवकर सांगितलेले बरे.

ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. सभासदांच्या तक्त्यात ४० नोंदी व देवघेवीच्या तक्त्यात ३०० नोंदी असता, दोहोंना जोडणारी सभासद-क्रमांकाची अट लिहावयाची राहून गेली, तर प्रत्येक सभासदाशी प्रत्येक देवघेव जुळून १२,००० ओळी समोर येतात. त्या पाहून गोंधळलेल्या विद्यार्थ्याला जोडणीचा अर्थ जितका कळतो तितका व्याख्येने कळत नाही. परत न आलेल्या पुस्तकांची परतीची तारीख रिक्त असते, म्हणून तो भाबडेपणाने ‘तारीख बरोबर नल’ अशी अट घालतो आणि एकही ओळ हाती लागत नाही. रिक्त जागा ही शून्य नव्हे आणि कोरा मजकूरही नव्हे; ती अज्ञाताची खूण असल्याने तिच्याशी केलेल्या तुलनेचे उत्तरही खरे वा खोटे न येता अज्ञातच राहते. त्यासाठी ‘इज नल’ अशी स्वतंत्र वाक्यरचना ठेवलेली आहे. ‘डिलीट’ लिहिताना ‘व्हेअर’ राहून गेले, तर सारा तक्ताच रिकामा होतो. तेव्हा तीच अट आधी ‘सिलेक्ट’ला लावून कोणत्या नोंदी निघतात याची रुजुवात करून घेण्याची शिस्त पहिल्याच धड्यात लावावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सभासद-क्रमांक न घेता केवळ ग्रंथनामे मागविली, तर एकच नाव जितक्या वेळा दिले गेले तितक्या वेळा उत्तरात उतरते, आणि ती द्विरुक्ती टाळण्यासाठी ‘डिस्टिंक्ट’ हा शब्द मुद्दाम लिहावा लागतो. संबंध म्हणजे गणितातील संच, आणि संचात द्विरुक्तीला थारा नाही, असा कॉड यांचा आग्रह होता. त्यांच्याच प्रतिमानातून निघालेल्या या भाषेवर त्यांनी १९८८ मध्ये जी जाहीर टीका केली, तीत द्विरुक्तीच्या या सवलतीचाही समावेश होता.