मठ, हवेली आणि शाळा

शाळा कुणाची असते? जागेच्या मालकाची, की तिथे शिकणाऱ्या मुलांची? आम्हा शिक्षकांना हा सवाल नवा नाही. इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातल्या मिल्टन ॲबीच्या इतिहासात तो वारंवार समोर येतो.

दहाव्या शतकात राजा ॲथेलस्टनने येथे धर्मपीठ स्थापन केले. ९६४ मध्ये ते बेनेडिक्टाइन साधूंचा मठ बनले. १३०९ मध्ये वीज कोसळून चर्च जळाले. पुन्हा बांधकाम सुरू झाले; पण ते कधीच पूर्ण झाले नाही. मठाच्या आश्रयाने शेजारी मिल्टनचे बाजारगाव वाढले. १५२१ मध्ये मठाधिपती विल्यम मिडलटन यांनी तिथे मुलांसाठी शाळा काढली. मठाच्या जमिनी म्हणजे आपल्याकडच्या वक्फसारख्याच, धर्मकार्यासाठी दिलेल्या.

पुढे राजा आठव्या हेन्रीने देशभरातले मठ बरखास्त केले. १५३९ मध्ये मिल्टनची पाळी आली. दुसऱ्याच वर्षी राजाचे वकील सर जॉन ट्रेगॉनवेल यांनी ही मालमत्ता १००० पौंडांत विकत घेतली. साधू गेले, पण शाळा टिकली.

१७५२ मध्ये जोसेफ डेमर हे मालक झाले. त्यांनी जुन्या मठाच्या जागी हवेली बांधली. १४९८ चा मठाधिपतींचा दिवाणखाना मात्र तिच्यात राखला. खिडकीतून दिसणारे गाव त्यांना खुपू लागले. घरे एकेक करून पाडली गेली. लोकांसाठी दूर दरीत गवताच्या छपरांची एकसारखी घरे उभी राहिली. तेच आजचे मिल्टन ॲबास. आज प्रवासी त्याचे फोटो काढतात, पण ते कुणाच्या बेघर होण्यातून उभे राहिले, हे फारसे कुणी विचारत नाही. हॅरिसन नावाच्या एका वकिलाने घर सोडले नाही, तेव्हा तलावाचे पाणी त्याच्या घरात सोडले गेले. त्याने दावा लावला आणि जिंकलाही, असे सांगतात.

शाळेचाही हवेलीला त्रास वाटत होता. १७८५ मध्ये पार्लमेंटचा कायदा करून ती ब्लँडफर्डला हलवण्यात आली.

१९५४ मध्ये त्याच हवेलीत निवासी शाळा सुरू झाली. ज्या घराने मुलांना हाकलले, तिथेच मुले आली. हा इतिहासाचा न्याय म्हणावा का? आम्हाला तसे म्हणवत नाही. पहिली शाळा गावच्या मुलांसाठी होती. ही फी भरणाऱ्यांसाठी. दगडी भिंती टिकल्या, पण ज्यांच्यासाठी त्या पहिल्या शाळेचे दार उघडले होते, त्या गावाचा हक्क काही परत आला नाही.