साल्हेरची लढाई सगळ्यांना माहीत, पण युद्धांनी ओस पडलेलं बागलाण पुन्हा वसलं कसं?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात साल्हेर आला आणि कळवण-सटाणा भागाचे रील्स धडाधड फिरू लागले. १५६७ मीटर उंची, १६७२ ची लढाई, सूर्यराव काकडे यांचं बलिदान. हे सगळं खरंच आहे.

पण पर्यटक ज्या गावांतून गाडी घेऊन गडाकडे जातात, त्या गावांचं काय झालं? हा भाग दख्खन आणि गुजरात यांच्या वेशीवरचा. या दोन्हींमधला व्यापार इथून जायचा आणि फौजाही इथूनच जायच्या. १६३८ मध्ये औरंगजेबाने बागुल राजांचं राज्य घेतलं. त्यानंतर हे किल्ले कधी मुघलांकडे, कधी मराठ्यांकडे जात राहिले. सगळ्यात वाईट काळ मात्र त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी आला.

नेमकं काय घडलं होतं?

कळवण आणि बागलाण तेव्हा खानदेशात मोडायचे. (नाशिक जिल्हा झाला १८६९ मध्ये.) १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा खानदेशातून पुण्याकडे गेल्या आणि वाटेतला मुलूख लुटला गेला. पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ पडला. मग पेंढारी आले. पगार थकलेले अरब शिपाईही होतेच. लोकांनी गावं सोडली. धुळ्यासारखं गावही दुष्काळात पूर्ण रिकामं झालं होतं.

महसुली कागदांत अशा गावांसाठी एक शब्द आजही आहे, 'बेचिराख'. मूळ फारसी अर्थ दिवा नसलेलं. म्हणजे ज्या गावात संध्याकाळी दिवा लावायला कोणी उरलं नाही, ते गाव.

माणसं गेली तिथे रान वाढलं आणि रानामागे वाघ आले. १८२२ मध्ये अवघ्या तीन महिन्यांत वन्य प्राण्यांनी ५०० माणसं आणि २०,००० गुरं मारल्याची नोंद खानदेश गॅझेटियरमध्ये आहे.

१८१८ मध्ये इथे कोण आलं?

इंग्रजांनी पेशवाई संपवली. मालेगावचा किल्ला अरबांनी जिद्दीने लढवला, पण जून १८१८ मध्ये तोही पडला. खानदेशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याकडे आला. त्याच वर्षी ब्रिग्ज सातमाळा रांगेतले किल्ले पाहत फिरला. अचला, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप या गडांची जुनी वर्णनं त्याच्या त्या फेरीतून आली आहेत. पुन्हा कोणी तिथे बसून लढू नये म्हणून इंग्रजांनी कित्येक गडांच्या वाटा फोडून टाकल्या.

किल्ले पाडणं सोपं होतं. गेलेली माणसं परत आणणं अवघड.

मग लोक परतले कसे?

यातले बरेचसे उपाय इंग्रजांचे नव्हतेच. पडीक जमीन कसायला घेणाऱ्याला मराठेशाहीत 'कौल' मिळायचा. पहिली काही वर्षं सारा माफ किंवा नावापुरता, मग दरवर्षी थोडा थोडा वाढत जाणारा. या वाढत्या साऱ्याला 'इस्तावा' म्हणत. नव्या सरकारने हीच पद्धत चालू ठेवली आणि बैल-बियाण्यासाठी तगाई दिली. धुळंही आधी बाळाजी बळवंत यांनी १८०४ मध्ये पुन्हा वसवायला घेतलं होतं. ब्रिग्जने तिथे मुख्यालय केलं, घरांसाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या, बांधकामाला उचल दिली.

मोसम आणि आरम नद्यांवरच्या बंधाऱ्यांनीही हात दिला. बंधाऱ्याचं पाणी पाटाने आणायचं, शेतांचे मोठे पट्टे म्हणजे 'फड' पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, अशी ही फड पद्धत. पाण्याच्या पाळ्या गावकरीच ठरवायचे. ती सरकारने दिलेली नव्हती, म्हणून सरकार बदललं तरी टिकली.

तरीही प्रगती रडतखडतच झाली. धान्याचे भाव पडले आणि सारा डोईजड झाला. १८५२ मध्ये जमीन मोजणीविरुद्ध यावल, सावदा, फैजपूर भागातले शेतकरी उठले, तेव्हा सरकारने बळ वापरलं.

आणि भिल्लांचं काय?

या गोष्टीतला हा सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग. इंग्रजी कागदांत भिल्ल म्हणजे 'लुटारू'. पण भिल्ल गावचे जागले होते, घाट राखायचे आणि त्याबद्दल त्यांना ठरलेले हक्क मिळायचे. गावंच उठल्यावर ते हक्क कोण देणार? पेशवाईच्या अखेरीस तर कोपरगावला हजारो भिल्लांना दगा देऊन मारण्यात आलं. डोंगरात गेलेले भिल्लही विस्थापितच होते.

ब्रिग्जने आधी बळ वापरून पाहिलं, ते फारसं चाललं नाही. १८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने धोरण बदललं. जमीन, तगाई, अनेक वर्षांची सारामाफी देऊन भिल्लांच्या वसाहती सुरू झाल्या. त्याच वर्षी जेम्स आउट्रम या २२ वर्षांच्या अधिकाऱ्याने धरणगावला 'भिल्ल पलटण' उभारली. पहारा न ठेवता तो भिल्लांच्या वस्तीत राहिला, सोबत शिकारीला गेला, तेव्हा कुठे लोक भरती झाले.

याला 'विश्वासाने जिंकलं' असं म्हणण्याची पद्धत आहे. पण १८३० मध्ये याच पलटणीला शेजारच्या डांगमधल्या भिल्ल राजांवर चालून जावं लागलं, हेही सोबत सांगायला हवं.

आज काय दिसतं?

कळवण आज कांद्याचा तालुका म्हणून ओळखला जातो. तालुक्यात भिल्ल, कोकणा, महादेव कोळी समाजांची मोठी वस्ती आहे. अभोण्याजवळ गिरणेवर १९११ मध्ये पूर्ण झालेलं चणकापूर धरण आहे. साल्हेरला निघालात तर एक दिवस सातमाळा रांगेसाठीही ठेवा. मार्कंड्या किंवा रवळ्या-जवळ्यावर चढताना पायऱ्या मध्येच तुटतात. रील्समध्ये बहुतेक जण ती जागा 'थ्रिल' म्हणून दाखवतात. त्या पायऱ्या १८१८ च्या युद्धानंतर मुद्दाम फोडल्या होत्या.