बायबलमधील स्त्रीनामे : अर्थ आणि व्युत्पत्ती

हिब्रू बायबलमधील स्त्रीनामांचा विचार करताना कथेने दिलेला अर्थ व भाषाशास्त्राने सिद्ध होणारी व्युत्पत्ती यांत भेद करणे अवश्य आहे. 'राहेल' म्हणजे मेंढी, 'दबोरा' म्हणजे मधमाशी; येथे विशेषनाम व सामान्यनाम एकच असल्याने वाद संभवत नाही. 'हव्वा' या नावाची गोष्ट निराळी. उत्पत्तीच्या पुस्तकात (३:२०) ते 'जगणे' या अर्थाच्या धातूशी जोडून तिला सर्व सजीवांची माता म्हटले आहे. परंतु त्या धातूच्या रूढ हिब्रू रूपात 'य' आहे, नावात मात्र 'व'. 'बेरेशीत रब्बा' या प्राचीन भाष्यग्रंथात तर त्याचे नाते अरामी भाषेतील सर्पवाचक 'हिव्या' शब्दाशी जोडलेले आढळते.

मग कथेतील अर्थ त्याज्य मानावा काय? तसे नाही. पती व दोन पुत्र गमावलेली नामी, 'मनोहर' या अर्थाचे आपले नाव टाकून, आपणांस 'मारा', म्हणजे कडू, म्हणावे असे सांगते (रूथ १:२०). नावाचा अर्थ श्रोत्यांस ज्ञात असल्याखेरीज या उद्गारातील वेदना प्रकट होत नाही. व्युत्पत्ती शब्दाचा उगम दाखविते. तो शब्द त्या समाजाच्या कानी कसा पडत होता, हे कथाच सांगते. दोन्ही इतिहासाचीच साधने होत.