घरघर, घरातील गूढ
घरात, विशेषतः रात्री, सतत जाणवणारा पण उगम न सापडणारा खर्जातला आवाज. कंप्रता साधारणतः २० ते २०० हर्ट्झ. असे ध्वनी भिंतींना फारसे जुमानत नाहीत. खिडकी लावली की बाहेरचा इतर गोंगाट तुटतो आणि घरघर उलट ठळक होते.

नाशिकमध्ये सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींलगत दाट वस्ती आहे. अशा ठिकाणी संशय आधी रोहित्र, पंप, कॉम्प्रेसर यांवर घ्यावा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे रोहित्राची घूं-घूं मुख्यतः १०० हर्ट्झवर असते. लातूर जिल्ह्यातील हासोरीला २०२२ मध्ये ऐकू आलेले भूगर्भातील आवाज हा वेगळा प्रकार. कॅनडातील विंडसरची घरघर मात्र नदीपलीकडच्या झुग बेटावरील पोलाद कारखाना २०२० मध्ये थंडावल्यावर थांबली.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. हे मापन ‘ए’ भारांकाने होते व त्यात खर्ज कमी धरला जातो. तक्रार कागदावर टिकत नाही ती या उणिवेमुळे. सर्वांना आवाज ऐकू येत नाही, म्हणून तक्रारदाराला वेड्यात काढणे चूक. उगम घरातच आहे का हे कळण्यासाठी घराचा मुख्य स्विच बंद करून पाहावे. दूर माळावरही घरघर राहिली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.